शिक्षिकेच्या नावाची शिष्यवृत्ती: पैसा येतो कुठून आणि पोचतो कुणापर्यंत?

१८८८च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात मेयस्व्हिल नावाचं खेडं आहे. तिथल्या कापसाच्या शेतात तेराएक वर्षांची एक मुलगी काम करत होती. नाव मेरी मॅक्लाउड. सतरा भावंडांतली पंधरावी. आईवडील दोघंही आधी गुलाम होते. त्या राज्यात १८३४ साली कायदाच झाला होता, की गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा. मेरी रोज मैलोन् मैल चालत मिशनच्या शाळेत जायची. ती शाळा संपली आणि पुढचं घोडं अडलं. घरात पैसा नव्हता, जवळपास पुढची शाळा नव्हती.

एक दिवस तिच्या शाळेच्या बाई, एमा विल्सन, शेत तुडवत तिच्यापर्यंत आल्या. तिकडे दूर कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात मेरी क्रिसमन नावाची क्वेकर पंथाची एक बाई कपडे शिवून पोट भरत होती. एका कृष्णवर्णीय मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च उचलायची तिची तयारी होती, आणि विल्सनबाईंनी त्यासाठी मेरीला निवडलं होतं.

मग शेजारपाजार कामाला लागला. कुणी मोजे विणले, कुणी झगे शिवले. निरोप द्यायला स्टेशनवर माणसं जमली. मेरी आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या कॉन्कॉर्ड गावी स्कोशिया सेमिनरी नावाच्या शाळेत पोचली. विटांची इमारत आपण तिथेच पहिल्यांदा पाहिली, असं ती मोठेपणी सांगायची. १८९४ मध्ये ती तिथून शिकून बाहेर पडली.

हीच पुढे मेरी मॅक्लाउड बेथून म्हणून ओळखली गेली. ३ ऑक्टोबर १९०४ रोजी तिनं फ्लोरिडातल्या डेटोना गावात मुलींची शाळा काढली, तेव्हा तिच्याजवळ दीड डॉलर होता आणि पाच मुली होत्या. बाकांच्या जागी खोकी. जळक्या लाकडाच्या काड्या म्हणजे पेन्सिली, आणि रानफळांच्या रसाची शाई. रताळ्याचं गोड सारण भरलेले ‘पाय’ (pie) भाजून ती रेल्वेच्या मजुरांना विकायची आणि त्या पैशावर शाळा चालवायची. १९२३ मध्ये जॅक्सनव्हिलची कुकमन संस्था या शाळेत विलीन झाली आणि तिचं पुढे कॉलेज झालं. आज ते बेथून-कुकमन विद्यापीठ आहे.

बेथून १८ मे १९५५ रोजी गेल्या. आज फ्लोरिडात त्यांच्या नावानं सरकारी शिष्यवृत्ती आहे. एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पैशावर शिकलेल्या मुलीच्या नावावर आता दुसरी मुलं शिकतात, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मग प्रश्न पडला की हे चालतं कसं? आपल्याकडे शाळाशाळांत ‘कै. अमुक गुरुजी स्मृती पारितोषिक’ असतं. कुणीतरी ठेव ठेवलेली असते, तिच्या व्याजातून दरवर्षी पहिल्या आलेल्या मुलाला पाकीट मिळतं. अमेरिकेतली गोष्ट मुळात हीच आहे. पण तिथे या पाकिटाभोवती गुंतवणुकीचं गणित आहे, कॉलेजच्या हिशेबाच्या खाचाखोचा आहेत आणि गेल्या काही वर्षांत कोर्टकचेऱ्याही आल्या आहेत. मुलांना नुसती रक्कम दिसते. ती हातात पडते की वाटेतच जिरते, हे मात्र या न दिसणाऱ्या गोष्टींवर ठरतं.

आधी पैशाचं बघू.

मिसिसिपी राज्यात हॅटिसबर्ग शहरात ओसिओला मॅकार्टी नावाच्या आजी होत्या. सहावीत असताना आजारी मावशीची सेवा करायला त्यांनी शाळा सोडली, आणि मग जन्मभर लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केली. पैसे बँकेत टाकत राहिल्या. म्हातारपणी बँकेतल्या माणसानं त्यांच्यासमोर टेबलावर दहा सेंटची दहा नाणी मांडली आणि सांगितलं, एकेक नाणं म्हणजे तुमच्या मिळकतीचा दहावा हिस्सा. कुणाला किती ते वाटा. त्यांनी एक नाणं चर्चसाठी काढलं, आणि तिघा नातेवाइकांसाठी एकेक. उरलेली सहा नाणी सदर्न मिसिसिपी विद्यापीठाकडे सरकवली, गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी. १९९५ साली ही बातमी बाहेर आली तेव्हा त्या सहा नाण्यांची किंमत निघाली सुमारे दीड लाख डॉलर. १९६५ पर्यंत याच विद्यापीठाचं दार कृष्णवर्णीयांना बंद होतं. मॅकार्टी तेव्हा त्याच शहरात लोकांचे कपडे धूत होत्या.

एवढी रक्कम हाताशी असली की दोन वाटा असतात. एक, सरळ वाटून टाकायची. दरवर्षी पंधरा हजार दिले तर दहा वर्षांत संपली. दुसरी वाट कायम ठेवीची. मुद्दलाला हात लावायचा नाही, ती गुंतवायची आणि दरवर्षी तिचा एक लहानसा हिस्सा खर्च करायचा. बहुतेक अमेरिकी विद्यापीठं हा हिस्सा चार ते पाच टक्क्यांच्या आसपास ठेवतात. गुंतवणुकीवर एखाद्या वर्षी आठ टक्के सुटले तरी आठही वाटत नाहीत, कारण महागाई. आज हजार डॉलरमध्ये जेवढी पुस्तकं येतात तेवढी वीस वर्षांनी येणार नाहीत, म्हणून जादा कमाई मुद्दलात परत टाकायची, म्हणजे ठेवही महागाईबरोबर वाढते.

हे गणित ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि आहेही. पण त्याची दुसरी बाजू देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चार टक्क्यांनी पंचवीस हजारांच्या ठेवीवर वर्षाला हजार डॉलर मिळतात. लाडक्या शिक्षिकेच्या आठवणीसाठी माजी विद्यार्थी जिवाचं रान करून पंचवीस हजार जमवतात, आणि त्यातून दरवर्षी एकाच मुलाला हजार डॉलर मिळतात. जिथे एका वर्षाचा खर्च तीस-चाळीस हजारांच्या घरात जातो, तिथे हजार म्हणजे पुस्तकं आणि बसभाडं. ते कमी महत्त्वाचं नाही, त्यावर पुढे बोलूच. पण नाव कायम राहावं म्हणून ठेव करायची, की आत्ता शिकणाऱ्या मुलांच्या हाती जास्त पैसा द्यायचा, हे स्मारक करणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून ठरवायला हवं. दहा वर्षांत दहा मुलींना पदवीपर्यंत नेऊन फंड संपला, तर ते स्मारक लहान झालं असं मला वाटत नाही.

कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी मदत कशाला, गरीब गोरी मुलं नाहीत का, असा प्रश्न नेहमी येतो. आहेत, आणि त्यांनाही मदत हवी. पण इथे एका वर्षाच्या पगारापेक्षा पिढ्यांच्या साठ्याचा मुद्दा मोठा आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२च्या पाहणीत अगदी मधोमध असलेल्या गोऱ्या कुटुंबाकडे कर्ज वजा जाता सुमारे २,८५,००० डॉलरची मालमत्ता होती, तर कृष्णवर्णीय कुटुंबाकडे सुमारे ४४,९०० डॉलरची. सहापट फरक. हा फरक काही आळसातून आलेला नाही. गुलामगिरीत कमावलेलं सगळं मालकाचं होतं. त्यानंतर कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवण्याचे कायदे आले. १९३०च्या दशकापासून सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगानं रंगवल्या गेल्या आणि तिथे घरकर्ज मिळेना. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरासाठी सरकारनं मोठी मदत दिली, तिथेही कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला फार थोडं आलं. पगार सारखा असलेल्या दोन घरांपैकी एकाकडे आजोबांचं घर असतं, ते गहाण ठेवून मुलाची फी भरता येते. दुसऱ्या घराला कर्ज काढावं लागतं. शिष्यवृत्ती तिथे आजोबांच्या घराचं काम करते.

बेथूनना हे पक्कं माहीत होतं. १९३६ पासून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारात तरुणांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या कृष्णवर्णीयांच्या विभागाचं काम बघत होत्या. पदवीपर्यंत आणि त्यापुढे शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांसाठी तिथे खास निधी होता. त्यातून चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना मदत मिळाली. १९४४ साली फ्रेडरिक पॅटरसन यांच्या पुढाकारानं कृष्णवर्णीयांच्या खासगी कॉलेजांनी एकत्र येऊन निधी उभारायला सुरुवात केली, त्यातही बेथून होत्या. प्रत्येक कॉलेजनं वेगळी झोळी घेऊन फिरण्यापेक्षा एकच झोळी, हा विचार तेव्हा नवा होता.

आता सगळ्यात अवघड भाग, कायद्याचा.

१९६४च्या नागरी हक्क कायद्यात एक कलम आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेनं वंश, वर्ण किंवा मूळ देश बघून भेदभाव करायचा नाही. विद्यार्थ्यांची सरकारी मदत आणि कर्जं घेत नाही असं कॉलेज शोधून सापडणं कठीण, त्यामुळे हे कलम जवळपास सगळ्यांना लागू. कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवणाऱ्या संस्थांची दारं उघडण्यासाठी ते आलं होतं. पण ‘फक्त कृष्णवर्णीयांसाठी’ असं लिहिलेली शिष्यवृत्तीही त्याच कलमाखाली तपासली जाते.

मेरीलँड विद्यापीठात बेंजामिन बॅनेकर यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती. बॅनेकर अठराव्या शतकातले, आपलं आपण गणित आणि खगोलशास्त्र शिकून पंचांगं छापणारे कृष्णवर्णीय विद्वान. शिष्यवृत्ती फक्त कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी होती. एका विद्यार्थ्यानं तिला आव्हान दिलं. विद्यापीठ म्हणालं, आम्ही पूर्वी ज्यांना दारात उभं केलं नाही त्यांचं आम्ही देणं लागतो. १९९४ साली अपील न्यायालयानं हे पुरेसं मानलं नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण हाती घ्यायला नकार दिला. मग ही शिष्यवृत्ती फ्रान्सिस स्कॉट की यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीत मिळवून सगळ्यांना खुली झाली. की म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिणारे, आणि गुलाम बाळगणारे. दोन्ही नावं आता एका ओळीत येतात. बॅनेकरांचं नाव टिकलं, पण ज्यांच्यासाठी ते ठेवलं होतं त्यांची हमी गेली, याचं मला वाईट वाटतं.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात निकाल दिला, की प्रवेश देताना वंशाचा विचार करता येणार नाही. निकाल प्रवेशाबद्दल होता, शिष्यवृत्तीबद्दल नव्हता. पण त्याच दिवशी मिझुरी राज्याच्या महाधिवक्त्यांनी शिष्यवृत्त्यांनाही तोच नियम लावा असं कळवलं, आणि देशभर विद्यापीठं आपापल्या अटी पुन्हा लिहू लागली. खासगी संस्थांनाही धास्ती बसली. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लहान उद्योगांना २०,००० डॉलरची मदत देणाऱ्या अटलांटाच्या एका निधीविरुद्ध २०२४ मध्ये अपील न्यायालयाचा आदेश आला आणि ती योजना बंद पडली. आदेशाचा आधार होता १८६६चा कायदा. तो नुकत्याच सुटलेल्या गुलामांना गोऱ्यांइतकाच करार करायचा हक्क मिळावा म्हणून केलेला. तोच कायदा त्यांच्या पणतींविरुद्ध वापरला गेला हे मला अन्यायाचं वाटतं.

मग आता स्मारक शिष्यवृत्ती कशी टिकवायची? बेथूनच्या शिष्यवृत्तीत याचं एक उत्तर आहे, आणि ते या निकालाच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. तिच्या अटीत विद्यार्थ्याचा वंश येतच नाही, कॉलेज येतं. बेथून-कुकमन, एडवर्ड वॉटर्स, फ्लोरिडा ए अँड एम आणि फ्लोरिडा मेमोरियल या चारांपैकी एका विद्यापीठात शिकत असलात, गुण बरे असले आणि गरज असली, की अर्ज करता येतो. ही चारही ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांची विद्यापीठं. १९६४च्या आधी, मुख्यतः कृष्णवर्णीयांना शिकवण्यासाठी सुरू झालेल्या संस्थांना कायद्यानंच हे नाव दिलं आहे. देशात अशा सुमारे शंभर संस्था आहेत, आणि तिथे कुणीही प्रवेश घेऊ शकतं. म्हणून अट कायद्यात बसते आणि पैसा बहुतांशी ज्यांच्यासाठी होता त्यांच्याकडेच जातो.

इतर ठिकाणी वेगळ्या वाटा काढल्या आहेत. कुणी ‘घरात कॉलेजला जाणारी पहिली पिढी’ अशी अट लिहितं, कुणी विशिष्ट शाळेतून किंवा गावातून आलेल्यांना प्राधान्य देतं. कुणी निबंध मागवतं, की या शिक्षिकेनं ज्या कामाला आयुष्य वाहिलं त्याच्याशी तुमचा काय संबंध आहे ते सांगा. काही विद्यापीठं दात्यांचे सगळे निधी एका हौदात टाकतात. आधी वंश न बघता विद्यार्थी निवडतात आणि मग कुणाला कुठल्या निधीतून पैसे द्यायचे ते जुळवतात. वकिलांना हे आवडतं. दात्याला मात्र कधीकधी कळत नाही, की आपल्या बाईंच्या नावानं नक्की कुणाची फी भरली.

अटींचा हा खेळ उलट बाजूनंही खेळला गेला होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९२० साली एका मृत्युपत्रानुसार एक फेलोशिप सुरू झाली. ती फक्त गोऱ्या वंशाच्या आणि आयोवा राज्यात जन्मलेल्या विद्यार्थ्यांसाठी होती. मृत्युपत्रातली अट विद्यापीठाला आपल्या मर्जीनं बदलता येत नाही, कोर्टात जावं लागतं. कोलंबियानं त्यासाठी अर्ज केला तो २०१३ साली. ही फेलोशिप सुरू होण्याच्या थोडं आधी, १९१३ ते १९१६, डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात शिकत होते. त्यांची शिष्यवृत्ती बडोद्याची होती. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची अट. ती नोकरी अपमानांमुळे त्यांना सोडावी लागली हे आपल्याला माहीत आहे. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. मेयस्व्हिलचं शेत आपल्यापासून इतकंही लांब नाही.

ठेव झाली, अटी कायद्यात बसल्या, मुलीची निवडही झाली. तरी पैसा तिच्या हाती पडेलच असं नाही. ही खाच सगळ्यात कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून आकडे घेऊन सांगतो.

समजा एका मुलीचा वर्षाचा खर्च ३०,००० डॉलर आहे. सरकारी हिशेबानं घरचे ८,००० देऊ शकतात, म्हणजे गरज २२,००० ची. त्यात सरकारी अनुदान ७,०००, कॉलेजची स्वतःची मदत १०,००० आणि कर्ज ५,०००. हिशेब बसला. आता तिला दिवंगत शिक्षिकेच्या नावाची ३,००० ची शिष्यवृत्ती मिळाली. घरी पेढे वाटण्याचा दिवस. पण गरजेपेक्षा जास्त मदत द्यायला नियमांची आडकाठी असते, त्यामुळे कॉलेजला कुठूनतरी ३,००० कमी करावे लागतात. कर्ज कमी केलं तर मुलीचं ओझं हलकं झालं. पण कॉलेजनं आपली मदत १०,००० वरून ७,००० वर आणली तर? मुलीच्या हाती एक डॉलरही जास्त आला नाही. शिक्षिकेच्या नावानं गोळा झालेला पैसा कॉलेजच्या तिजोरीत जिरला. एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं. मेरीलँडनं २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना असं करायला कायद्यानं मनाई केली. असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. नंतर आणखी काही राज्यांनी तसे कायदे केले. सगळीकडे ते अजून नाहीत.

म्हणून जाणती मुलं शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं त्या दिवशीच कॉलेजच्या मदत कचेरीत जाऊन विचारतात, ‘ही रक्कम आधी माझ्या कर्जातून वजा कराल का?’ जाणते दातेही करारात तसंच लिहून घेतात. काही जण तर पैसा पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवायची, किंवा लॅपटॉप आणि पुस्तकांसाठी वापरायची मुभा देतात. एका वाक्यानं केवढा फरक पडतो.

आता मघाच्या हजार डॉलरकडे येतो. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या संख्येनं शिकतात. दर सत्राच्या सुरुवातीला फी पूर्ण न भरलेल्या मुलांची नावं वर्गांतून काढली जायची. विद्यापीठानं ती यादी नीट बघितली, तेव्हा दिसलं की कित्येकांची बाकी अगदी थोडी होती, काहीशे डॉलरची. त्यात शेवटच्या वर्षाला पोचलेली मुलंही होती. चार वर्षांचं शिक्षण आणि कर्ज डोक्यावर, आणि पदवी अडली काहीशे डॉलरसाठी. २०११ पासून विद्यापीठ अशा मुलांना लहान अनुदान देतं, सरासरी नऊशे डॉलरच्या आसपास. हजारो मुलं त्यामुळे वर्गात टिकली. तिथे वंशाची अट नाही, ठेवीचा मोठा बडेजाव नाही.

त्यासाठी अर्ज मागवत नाहीत. बाकी कुणाची राहिली आहे आणि अभ्यासात कोण नीट चाललं आहे, हे विद्यापीठाला नोंदींवरून दिसतं. मग तिथली माणसंच विद्यार्थ्याशी संपर्क करतात, की तुझी अडलेली रक्कम आम्ही भरतो, तू वर्गात ये.

मेयस्व्हिलच्या त्या मुलीनंही अर्ज केला नव्हता. ती कापूस वेचत होती आणि विल्सनबाई शेतातून चालत तिच्याकडे आल्या होत्या.